विकिपीडियाचं तटस्थतेचं धोरण: कॉपीरायटरला कितपत पुरतं?

विषय वादग्रस्त असला की क्लायंटच्या ब्रीफमध्ये (कामाच्या सूचनांत) एक ओळ हमखास असते: ‘बॅलन्स्ड ठेवा.’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणीच सांगत नाही. हे फुकटात आणि बऱ्यापैकी नेमकं सांगणारं साधन म्हणजे इंग्रजी विकिपीडियाचं तटस्थ दृष्टिकोनाचं धोरण आणि त्याच्या जोडीचं, जपून वापरायच्या शब्दांचं शैलीपान. लसीकरण, गर्भपात, अणुऊर्जा असल्या विषयांवर माहितीपत्रक किंवा लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) लिहिताना ते कितपत कामाला येतं, एवढंच इथे पाहिलं आहे.

सगळ्यात दमदार भाग वजनाचा. दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जागा दिली की झालं, ही समजूत धोरण मोडीत काढतं. विश्वासार्ह स्रोतांत एखाद्या मताला जेवढं स्थान, तेवढंच मजकुरात. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. तरीही ‘काही तज्ज्ञ हो म्हणतात, काही नाही’ असं लिहिलं, तर तो समतोल नव्हे, ती चूक. पालकांच्या शंकेला मात्र जागा द्यायची: शंका काय आहे, ती कुठून आली, तपासात काय निघालं, याच क्रमाने. थेट निष्कर्षापासून सुरुवात केली की वाचणाऱ्याला दटावल्यासारखं वाटतं आणि तो पान बंद करतो.

तथ्य आणि मत यांची फारकतही चोख आहे. ‘धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो’ यापुढे ‘डॉक्टरांच्या मते’ जोडलं की सिद्ध झालेली गोष्ट उगाच वादात ओढली जाते. उलट ‘अणुऊर्जा हाच शहाणपणाचा पर्याय’ हे मत आहे. ते कोण मांडतं हे वाक्यातच यायला हवं. ‘असं मानलं जातं’ हे निनावी वाक्य दिसलं की एकतर नाव घाला, नाहीतर वाक्य काढा. पळवाट इथेही आहेच: ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ हे पाच परिच्छेदांत पाच वेळा आलं, तर प्रत्येक वाक्य सुटं सुटं बिनचूक असतं आणि पान मात्र जाहिरातच राहतं. अशा वेळी पुन्हा वजनाच्या नियमाकडे यावं लागतं.

शब्दांच्या बाबतीत मात्र अर्धंच काम होतं. ‘दावा केला’, ‘उघड केलं’, ‘कबूल केलं’ यांऐवजी साधं ‘म्हटलं’ किंवा ‘सांगितलं’ वापरा, ‘तथाकथित’ टाळा, हे त्या यादीतून मराठीत सहज येतं. पण मराठीची स्वतःची छुपी हत्यारं त्या यादीत कुठून असणार? ‘तब्बल 12 टक्के’ आणि ‘केवळ 12 टक्के’ यांत आकडा एकच, निकाल दोन. ‘प्रकल्प सुरक्षित आहे म्हणे’ यातला ‘म्हणे’ दोन अक्षरांतच समोरच्याला खोटं पाडतो. ‘कंपनीनेच सांगितलं’ यातला ‘च’ आरोपीच्या पिंजऱ्याची आठवण करून देतो. सर्वांत बेमालूम फरक आदरार्थीचा: एका बाजूचे ‘ते म्हणाले’, दुसऱ्या बाजूचा ‘तो म्हणाला’. व्याकरण तपासणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला यात काही खटकणार नाही. तेव्हा ‘तब्बल’, ‘चक्क’, ‘अखेर’, ‘मात्र’, ‘म्हणे’ यांची यादी स्वतः करून मजकुरात शोध घ्यावाच लागतो.

खरी उणीव पुढे आहे. धोरण ज्ञानकोशासाठी लिहिलंय. कॉपीला, म्हणजे जाहिरातीच्या मजकुराला, शेवटी वाचणाऱ्याकडून काहीतरी करून घ्यायचं असतं. मजकूर सोवळ्यातला आणि बटणांवर ‘हो, मला मुलाची काळजी आहे’ व ‘नको, मला पर्वा नाही’ असे दोनच पर्याय, असं झालं तर वरची मेहनत पाण्यात. फोटोचंही तेच. आकडे मांडताना धोका ‘दुप्पट झाला’ एवढंच लिहू नका. 10,000 मध्ये 1 वरून 2 झाला, हेही लिहा.

वापरायची पद्धत: पहिला मसुदा मोकळेपणाने लिहा, धोरण समोर ठेवून लिहायला बसलात तर वाक्यं लाकडी होतात. मग प्रत्येक वाक्याला तीनपैकी एक रंग द्या: निर्विवाद तथ्य, कुणाचं तरी मत, वादातलं विधान. दुसऱ्या आणि तिसऱ्या रंगाच्या वाक्यात कोण म्हणतंय ते सापडलं नाही, तर तिथेच दुरुस्ती करा. शेवटी दोन्ही बाजूंच्या एकेकाला वाचायला द्या. ‘पटलं का?’ असं विचारू नका. ‘तुमची बाजू तुम्ही मांडाल तशी आली का?’ असं विचारा.

मोहीम चालवणाऱ्या संस्थेसाठी लिहीत असाल, तर यातला वजनाचा नियम तुम्हाला जाचेल; तिथे भूमिका उघड सांगून लिहिणं जास्त प्रामाणिक. आणि क्लायंटचा तयार मजकूर परस्पर विकिपीडियावर चढवायला जाऊ नका: पैसे घेऊन केलेलं संपादन जाहीर करणं तिथल्या वापरअटींनुसार बंधनकारक आहे.