उन्हातून हायड्रोजन: पत्रा की पॅनल?

खारपाणपट्ट्यातल्या आमच्या गावात उन्हाला तोटा नाही, गोड्या पाण्याला आहे. त्यामुळे 1 किलो हायड्रोजनला 9 लिटर शुद्ध पाणी लागतं हे वाचून आधी बोअर आठवली. भांड्यावर पांढरा थर चढवणारं ते पाणी उन्हातून हायड्रोजन काढायच्या दोन्ही पद्धतींना, म्हणजे थेट पाणी फोडणाऱ्या पत्र्याला आणि सोलर पॅनलच्या विजेवर पाणी फोडणाऱ्या यंत्राला, चालत नाही. गाळून, क्षार काढूनच द्यावं लागतं.

कृत्रिम प्रकाशसंश्लेषणात पाण्यातला उत्प्रेरकाचा पत्रा ऊन पिऊन थेट पाणी फोडतो. ना तारा, ना इन्व्हर्टर. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेडाने पाणी फुटतं हे दाखवलं. जपानमध्ये 100 चौरस मीटरचा संच चालवून पाहिला, उन्हाचं हायड्रोजन करण्याची कार्यक्षमता भरली जेमतेम 0.76 टक्के. वर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच निघतात. ठिणगी पडली की संपलं! ते वेगळे करायला पडदा लागतो.

सोलर पॅनल आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) यांची जोडी महाग, किलोमागे 50-55 युनिट वीज खाते, मे महिन्यात पॅनल तापले की वीज आणखी घटते. तरी तेवढ्याच 100 चौरस मीटर जागेत दिवसाला किलो-दीड किलो हायड्रोजन देईल. पत्रा शंभरेक ग्रॅमवर थांबेल. शिवाय पॅनल दुरुस्त करणारा तालुक्याला सापडतो. पत्रा स्वस्त होईलही, पण आज माझ्या धुऱ्यावर पॅनलच.