घरबसल्या हेअर क्लिपचं काम : डिपॉझिट भरण्याआधी हे वाचा

लातूर, औसा, उदगीर भागातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'घरबसल्या हेअर क्लिप बनवा. माल आम्ही देऊ, तयार क्लिप आम्हीच घेऊ. एका क्लिपला ८ रुपये मजुरी.' याच मेसेजपायी आमच्या घरातून ३,५०० रुपये गेले, वर दोघींची मेहनत गेली ती वेगळीच. मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून लिहितेय.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई संक्रांतीच्या वाणासाठी दरवर्षी घरीच क्लिपा, रबरबँड, अंबाड्याच्या पिना करतो. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून सुटी रिबन, मोती, कुंदन आणायचं आणि रात्री जेवणं उरकली की बसायचं. विकतच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतं. हात बसलेला होता, त्यामुळे काम जमणारच होतं. ६०० क्लिपांचे ४,८०० रुपये मिळणार, वर डिपॉझिट परत, असा हिशोब मेसेजवाल्यांनी फोनवर सांगितला. बोलणारी बाई गोड होती, "ताई, तुमच्यासारख्या कष्टाळू बायकाच पाहिजेत आम्हाला" म्हणाली. स्टँपपेपरवरच्या कराराचा फोटो आला, आधारकार्डाचा फोटो मागितला, डिपॉझिटचे ३,५०० रुपये क्यूआर कोडवर गेले.

पार्सल आलं. जाऊबाईंनी एक मोती नखाने खरवडला तर वरचा चमकता पापुद्रा निघून आला. लोखंडी क्लिपांच्या स्प्रिंगला गंज धरलेला, रिबन इतकी पातळ की मेणबत्तीच्या आचेवर कड शेकवायला धरली की आकसून गोळा व्हायची. कड शेकवली नाही तर सूत सुटतं, आणि हिची शेकवता येईना. ६०० क्लिपांचं सामान म्हणून पाठवलेलं, भरलं त्याहून कमीच. फोन केला तर उत्तर आलं, "कमी पडलं ते तुम्ही घाला ताई, बिलात धरू."

ते घातलंही. रिबनचे चार-चार इंचाचे तुकडे, मधोमध चुण्या घालून दोऱ्याने आवळायचं, वर मोती, मागे फेल्टची चकती, मग ग्लू गनने क्लिप. गोंदाच्या बारीक तारा राहतात, त्या केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा दिली की जातात. प्रत्येक क्लिपेवर आम्ही तेही केलं. जाऊबाईंच्या बोटांना चटके बसले होते.

माल कुरिअरने आमच्याच खर्चाने पाठवला. आठवड्याने मेसेज, 'क्वालिटी चेकमध्ये माल रिजेक्ट. कारण : मोत्याचा रंग गेलेला.' मोती त्यांचेच! आता २,५०० रुपये भरून ट्रेनिंग घ्या, मग नवीन सामान देऊ, म्हणाले. नाही म्हटल्यावर सूर बदलला. करार मोडला, दंड भरा, नाहीतर वकिलाची नोटीस आणि पोलीस घरी येतील. जाऊबाईंना दोन रात्री झोप नव्हती. शेवटी ओळखीच्या वकिलांना कागद दाखवला. असल्या करारातल्या देण्याघेण्याचा वाद दिवाणी असतो, त्यासाठी कुणी अटक करायला येत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा घर शांत झालं.

सगळा उलगडा झाला तो गोलाईतल्या होलसेलवाल्या काकांकडे. नमुन्याला ठेवलेली क्लिप त्यांच्यासमोर धरली. ते म्हणाले, "ताई, असली तयार क्लिप मी डझनाला ६० रुपयानं देतो. म्हणजे एक पाच रुपयाला. निस्त्या मजुरीला आठ रुपये कोण देईल?" मग त्यांनी आमच्या पार्सलातल्या सामानाची किंमत मांडली, ती हजाराच्या आतच आली. म्हणजे क्लिप विकून मेसेजवाल्यांना एक रुपयाही कमवायचा नव्हता. हजाराच्या आतलं सामान साडेतीन हजाराला गळ्यात मारलं, तिथेच त्यांची कमाई झाली. पुढचं रिजेक्ट आधीच ठरलेलं.

म्हणून असा फोन आला की एवढंच विचारा : या क्लिपा कोणत्या दुकानात, काय भावाने विकता? आम्ही नंतर दुसऱ्या नंबरवरून हेच विचारलं, तर फोन कट झाला आणि नंबर ब्लॉक.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ही सरकारी सायबर हेल्पलाइन आहे. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात. आमचे असेच सरकले होते. तक्रार मात्र सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंदवली आहे. त्यासाठी यूटीआर नंबर (म्हणजे त्या पेमेंटचा ओळख क्रमांक), सगळे चॅट, कराराचा फोटो लागतो. चॅट रागाने डिलीट करू नका. पार्सलवरचं लेबलही फाडू नका. आमच्या लेबलावर पाठवणाऱ्याचा पत्ता करारातल्या पत्त्यापेक्षा वेगळ्याच गावचा निघाला. तुमच्याकडे असंच पार्सल आलं असेल तर आधी तो पत्ता करारातल्या पत्त्याशी ताडून बघा.