जवसाचे जेल: एकाच डोक्यावरच्या निरनिराळ्या केसांसाठी

वरचा थर जवळजवळ सरळ, कानामागचे केस सैल लाटांचे, मानेवरचे चांगले वळणदार आणि कपाळालगतचे आखूड केस कोणत्याच बाजूला न बसणारे, अशी रचना असलेल्या डोक्यासाठी दुकानात वेगळे असे काही मिळत नाही. बाटल्यांवर ‘सरळ’, ‘वेव्ही’ किंवा ‘कुरळे’ यांपैकी एकच शिक्का असतो. ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या नावाने रूढ झालेल्या वर्गवारीत लाटदार केसांचे २ए, २बी, २सी असे पोटभेद आहेत खरे. परंतु हे तिन्ही भेद एकाच डोक्यावर सुखाने नांदत असतील तर काय करायचे, याचे उत्तर त्या वर्गवारीतून मिळत नाही. अशा संमिश्र केसांतील मूळची लाट वर आणण्यासाठी मी घरी उकळलेले जवसाचे जेल आणि बाजारातील एक मध्यम किमतीचे जेल अशी दोन्ही दीर्घकाळ आलटूनपालटून वापरली आहेत. हे परीक्षण मुख्यतः जवसाच्या जेलचे आहे आणि बाजारातील जेलचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

जेलकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी स्पष्ट केलेले बरे. केसाचा आकार मुळाशी, त्वचेखालच्या पुटकात ठरतो आणि केरॅटिनमधील गंधकाचे मजबूत बंध तो टिकवून धरतात. त्यांच्यावर कोणत्याही जेलचा परिणाम होत नाही. त्यांच्याखेरीज हायड्रोजनचे असंख्य कमकुवत बंध केसात असतात. केस भिजला की ते सुटतात आणि वाळताना, केस ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, पुन्हा जुळतात. भिजलेला केस त्याच्या मूळच्या वळणात एकत्र बटेने वाळू दिला तर लाट दिसते, आणि वाळत असताना विंचरला, चोळला किंवा पंख्याखाली उडू दिला तर तेच केस सुटे होऊन फुलतात. जेलचे काम एवढेच, की वाळेपर्यंत बट फुटू द्यायची नाही आणि वाळल्यावर हवेतील बाष्प काही काळ लांब ठेवायचे. हे दुसरे काम किती अवघड आहे, याची कल्पना एका जुन्या उपकरणावरून येते. स्विस शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली हवेतील आर्द्रता मोजण्याच्या ज्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात आर्द्रता टिपणारा भाग म्हणजे माणसाचा ताणून बसवलेला केस होता. इतक्या संवेदनशील वस्तूला जुलैमधील मुंबईत आदल्या दिवशीच्या आकारात ठेवू, अशी हमी एखादी बाटली देत असेल तर तिच्याकडे जरा संशयानेच पाहावे.

केसांचा पोत ठिकठिकाणी वेगळा असण्याची कारणेही लक्षात घ्यावी लागतात, कारण उपाय त्यांवरच अवलंबून असतो. काही फरक जन्मजात असतो; एकाच डोक्यावरची पुटके सर्वत्र सारखी नसतात. काही फरक वयाचा असतो, म्हणजे आपल्या नव्हे, केसाच्या वयाचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीस सेंटिमीटर लांब केसाच्या टोकाने अडीच वर्षांचे ऊन, कंगवा, उशी आणि शॅम्पू सोसलेले असतात, तर मुळाजवळचा भाग अजून कोरा असतो. वरचा थर उन्हात आणि कंगव्याखाली सर्वाधिक झिजतो, म्हणून त्याची लाट बहुधा सर्वांत दुर्बळ दिसते. मानेवरचे केस या दोन्हींपासून बरेचसे वाचलेले असतात. याचा व्यवहारातील अर्थ असा, की वरच्या थराला वजन सोसवत नाही आणि खालच्या थराला पकड कमी पडून चालत नाही. एकच घट्ट जेल सगळीकडे सारखे थापले तर वरचे केस चपटे होऊन टाळूला चिकटतात, आणि एकच पातळ जेल लावले तर मानेवरची वळणे दुपारपर्यंत विस्कटतात. जवसाच्या जेलचा खरा फायदा येथेच आहे, कारण ते एकाच भांड्यात दोन प्रकारचे करता येते.

कृती सोपी असली तरी तिच्यात लक्ष द्यावे लागते. किराणा दुकानात सुटे मिळणारे कच्चे, अख्खे जवस घ्यावे. मुखवासासाठी भाजून मीठ लावलेले जवस किंवा जवसाचे पीठ येथे उपयोगाचे नाही. बुळबुळीत द्रव बीच्या सालीतून सुटतो, त्यामुळे बी फोडण्याची गरज नसते. उलट फोडले तर तेल आणि कोंडा दोन्ही जेलमध्ये उतरतात. पाव कप जवसाला दोन कप पाणी घेऊन मंद आचेवर ठेवावे आणि ढवळत राहावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर उकळण्यासाठी पिण्याचे शुद्ध केलेले पाणीच वापरावे. उकळी आल्यावर पाच मिनिटांच्या आसपास पाणी किंचित दाट होते आणि वर फेस धरतो. या वेळी निम्मे पाणी वरच्यावर पळीने काढून गाळून घ्यावे; हे झाले पातळ जेल. उरलेले आणखी तीन-चार मिनिटे उकळले की पळी उचलताच तिच्यामागे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येऊ लागते. ती दिसताच गॅस बंद करावा आणि मिश्रण गरम असतानाच गाळावे. ते थंड होईपर्यंत थांबले की सारा द्रव बियांना धरून बसतो आणि मलमलच्या फडक्यातून कितीही पिळला तरी खाली उतरत नाही. चहाच्या गाळणीचा येथे निभाव लागत नाही. तीतून गाळण्याचा हट्ट धरणाऱ्याने ओटा पुसण्याची तयारी ठेवावी.

लावण्याच्या पद्धतीवर निम्मा परिणाम अवलंबून आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. गुंता कंडिशनर केसांत असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी सोडवून घ्यावा. कंडिशनर धुतल्यानंतर कंगवा केसांना लावूच नये. केस निथळत असताना, म्हणजे टॉवेल लावण्याआधी, जेल लावायचे असते. सुरुवात खालून करावी. वरचे केस क्लिपने बांधून मानेवरच्या आणि कानामागच्या बटांना दाट जेल तळव्यांमध्ये पसरून वरून खाली हलक्या हाताने लावावे आणि मग टोके तळहातावर घेऊन मूठ मिटत वर, टाळूच्या दिशेने, दाबावीत. पाणी आणि जेल एकत्र पिळल्याचा ओला आवाज आला की प्रमाण बरोबर आहे असे समजावे. त्यानंतर वरचा थर मोकळा करून त्याला फक्त पातळ जेल, तेही मधल्या भागापासून टोकांपर्यंतच लावावे. मुळांना ते लागले तर टाळूजवळची उसळी जाते. कपाळालगतच्या आखूड केसांना हातावर उरलेला ओलसरपणा पुरतो. शेवटी जुना सुती पंचा किंवा धुऊन मऊ पडलेला टी-शर्ट घेऊन त्याच दाबण्याच्या कृतीने जादा पाणी टिपावे. या कामासाठी महागडे मायक्रोफायबर टॉवेल विकले जातात, परंतु पंच्यापेक्षा त्यांनी काही अधिक साधले असे मला आढळले नाही.

वाळताना केसांना हात न लावणे हा या सगळ्यातील सर्वांत कठीण भाग आहे. वेळ असेल तर केस हवेवर वाळू द्यावेत. वेळ नसेल तर ड्रायरला डिफ्युझर, म्हणजे वारा पसरवणारी वाटीसारखी जोडणी, बसवून, उष्णता आणि वारा दोन्ही कमी ठेवून, डोके एका बाजूला झुकवून बटा त्या वाटीत अलगद बसवाव्यात. माझ्या केसांच्या वरच्या थरावर डिफ्युझरचा परिणाम स्पष्ट जाणवतो, कारण हवेवर वाळताना पाण्याच्या वजनाने ओघळून सरळ होणारे ते केस लाट पूर्ण ताणली जाण्याआधीच वाळतात. खालच्या थराला मात्र त्याची फारशी गरज पडत नाही. पूर्ण वाळल्यावर बटांवर एक कडक पापुद्रा जाणवतो. तो पाहून घाबरून केस पुन्हा धुण्याचे कारण नाही. हातावर तेलाचा एखादा थेंब चोळून त्याच मूठ दाबण्याच्या कृतीने तो मोडला की खाली मऊ, एकत्र राहिलेल्या लाटा सापडतात. केस पूर्ण वाळण्याआधी पापुद्रा मोडला तर मात्र सगळे श्रम वाया जातात.

आता या जेलच्या उणिवांकडे वळू. पहिली उणीव टिकाऊपणाची आहे. यात परिरक्षक नसल्याने ते फ्रिजमध्ये जेमतेम आठवडाभर राहते, आणि उन्हाळ्यात बाहेर विसरले तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. त्यात सुगंधी तेलाचे थेंब घालून ते टिकते, हा समज चुकीचा आहे. वास झाकला जातो, जंतूंची वाढ थांबत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तसे खडे काढणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. दुसरी उणीव म्हणजे पांढरी भुकटी. जेल जास्त झाले किंवा आधी लावलेल्या क्रीमशी त्याचे जमले नाही, तर वाळल्यावर कोंड्यासारखे कण सुटतात. दोन्हींचा एकेक थेंब तळहातावर एकत्र चोळून पाहावा आणि मिश्रण फुटून दाणेदार झाले तर ती जोडी केसांवर वापरू नये. तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे: पकड मर्यादित आहे. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या दिवसांत लाटा दुसऱ्या दिवशीही दिसण्याजोग्या राहतात, परंतु कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात हे जेल दुपारच्या आतच नांगी टाकते.

तेथे बाजारातील जेल उजवे ठरते आणि ते मान्य केले पाहिजे. अशा जेलमध्ये बहुधा पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) किंवा त्याच्या कुळातील कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) असते, आणि त्याचा थर जवसाच्या थरापेक्षा अधिक चिवट असतो. खरेदी करताना पुढच्या बाजूवरील ‘वेव्ही’ हा शब्द न पाहता मागची घटकांची यादी पाहावी. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, आणि एक टक्क्याहून कमी असलेल्या घटकांचा क्रम शेवटी कसाही असू शकतो. म्हणूनच यादीच्या तळाशी दिसणाऱ्या आर्गन तेलासाठी किंवा रेशमाच्या प्रथिनासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नसतो. ग्लिसरीन पाण्याच्या लगेच खाली असेल तर ते जेल पावसाळ्यासाठी घेऊ नये, कारण ते हवेतील ओलावा केसांकडे ओढते. शिआ बटर किंवा जड तेले वरच्या क्रमांकांवर असतील तर ती घट्ट कुरळ्या केसांसाठी ठीक आहेत, पण संमिश्र केसांच्या वरच्या थराला त्यांचे ओझे होते. मी वापरलेले जेल पकडीच्या बाबतीत निर्दोष होते, परंतु त्याची घनता एकच असल्याने वरच्या थरासाठी ते पाण्यात कालवून घ्यावे लागे, आणि तसे केल्यावर त्याची पकड असमान होई.

कुरळ्या केसांसाठी केशरचनाकार लोरेन मॅसी यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या पद्धतीत सल्फेटयुक्त शॅम्पू आणि सिलिकोन वर्ज्य मानले जातात. हा नियम आपल्याकडील लाटदार केसांना जसाच्या तसा लागू करण्याबाबत मी साशंक आहे. बारीक, सैल लाटांचे केस पुरेसे स्वच्छ झाले नाहीत तर ते लोळतात आणि लाट दिसतच नाही. शिवाय ज्या घरात आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाने डोके माखले जाते, तेथे सौम्य शॅम्पू ते तेल काढू शकत नाही, आणि तेलकट केसांवर जवसाचे जेल धरत नाही. तेल सोडावे असेही मी म्हणणार नाही. खोबरेल तेलामुळे धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, तर सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा परिणाम साधत नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मॅरिको कंपनीतील संशोधकांच्या अभ्यासात दिसले होते. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनही, त्या तेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. तेल धुण्याच्या आधी लावावे, नेहमीच्या शॅम्पूने नीट काढावे आणि त्यानंतरच जेलकडे वळावे.

ज्यांनी स्मूदनिंग किंवा कायमचे सरळीकरण करून घेतले आहे, त्यांनी मात्र या जेलवर वेळ घालवू नये. त्या प्रक्रियेतून गेलेल्या लांबीत मूळचे वळण उरलेले नसते आणि ते कोणत्याही लेपाने परत येत नाही. नवी वाढ लाटदार आणि खालचा भाग सपाट असा जो विसंवाद दिसतो, त्याला कात्रीखेरीज उपाय नाही. फार तर, वाढ होईपर्यंत ओल्या केसांच्या सैल वेण्या घालून दोन्ही भागांतील फरक झाकता येईल. रंग किंवा ब्लीचमुळे राठ झालेल्या केसांना जेल लाट दाखवू शकते, पण ते त्यांची दुरुस्ती करत नाही, आणि त्यांना जेलआधी कंडिशनरची गरज अधिक असते.

इतरांनी, विशेषतः आपले केस नुसतेच ‘विस्कटलेले’ आहेत असे समजून रोज इस्त्री फिरवणाऱ्यांनी, बाजारातील बाटली घेण्यापूर्वी जवसाचे जेल करून पाहावे, कारण आपल्या डोक्यावर कोठे किती लाट आहे हे त्यातून अत्यंत अल्प खर्चात कळते. पाव किलो जवसात बऱ्याच वेळा जेल होते आणि उरले तर चटणी होते. पावसाळ्यात, किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी खालच्या थराला दाट जवसाचे जेल लावून त्यावर बाजारातील, ग्लिसरीन नसलेल्या जेलचा अगदी पातळ हात फिरवावा. वरच्या थराला मात्र तेव्हाही फक्त पातळ जवसाचे जेलच लावावे.