‘नाइस’च्या निमित्ताने ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीची पारख

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी मी गेली काही वर्षे ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हे संकेतस्थळ पाहत आलो आहे. अमेरिकेतील डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या आरंभी सुरू केलेला हा कोश बहुतांशी एकहाती उभा राहिला आहे. कोशाची पारख करायची तर अवघड शब्द घेऊ नये. ज्याचा अर्थ ठाऊक असल्याची आपली खात्री असते, असाच शब्द घ्यावा. म्हणून मी ‘नाइस’ घेतला.

कोणाच्या फोटोखाली आपण ‘नाइस’ लिहितो ते कौतुकाने, पण या शब्दाची कोशातील कथा सुरू होते ती अडाणीपणापासून. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे न आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्यांपासून ‘नेस्कियुस’, म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. जुन्या फ्रेंचमार्गे १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तोही ‘मूर्ख’ याच अर्थाने. पुढे भित्रा, चोखंदळ, नाजूक अशी वळणे घेत तो सोळाव्या शतकात ‘काटेकोर’पर्यंत पोहोचला, आणि दोन गोष्टींतील बारीक भेदाला इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, ती त्याच अर्थाची खूण आहे. ‘आवडण्याजोगा’ हा अर्थ १७६९ चा, तर ‘प्रेमळ, दुसऱ्याची जाण ठेवणारा’ हा १८३० चा.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मुळाचा भाग. ‘स्किरे’चा संबंध कापणे, वेगळे करणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी लावला जातो, ‘सायन्स’ याच ‘स्किरे’चा वंशज असून, आपल्या ‘छेद’मधील ‘छिद्’ही त्याच कुळातला मानतात. जाणणे म्हणजे एक वस्तू दुसरीपासून वेगळी काढणे, ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण ‘विवेक’ या शब्दातही ‘विच्’, म्हणजे वेगळे करणे, हाच धातू आहे. त्या हिशेबाने मूळचा ‘नाइस’ माणूस म्हणजे आपला अविवेकीच! संकेतस्थळावर संस्कृत शब्द रोमन लिपीत असल्याने ही नाती ओळखायला आपल्याला थोडे थांबावे लागते, एवढेच.

नोंदींतील वर्षे मात्र जपून वाचावीत. ती शब्दाच्या जन्माची नसून, उपलब्ध लेखनात तो प्रथम सापडल्याची आहेत. संकेतस्थळ हे स्वतःच सांगते, तरी घाईत वाचणारा फसतोच. शिवाय प्रत्येक अर्थासोबत त्या काळातले वाक्य मिळेलच असे नाही, आणि ‘नाइस’सारख्या शब्दाला ही उणीव फार जाणवते, कारण सोळाव्या-सतराव्या शतकांतील कित्येक वाक्यांत लेखकाला यांपैकी नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे अभ्यासकांनाही ठरवता येत नाही. अशा वेळी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पर्याय नाही. त्याची १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची असून ऑनलाइन रूपासाठी वर्गणी भरावी लागते.

हार्पर यांचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. पानावर जाहिराती दिसतात, पण नोंदी आटोपशीर असल्याने वाचनात विशेष व्यत्यय येत नाही. भाषांतरकार आणि इंग्रजीचे शिक्षक यांनी ते हाताशी ठेवावे. जुन्या ग्रंथातील एखाद्या वाक्याचा अर्थ लावायचा असेल, तर मात्र ऑक्सफर्डचे खंड असलेले ग्रंथालय गाठावे.