सात महिने वापरलेला चार माणसांचा तंबू : सोलापूरहून कोकणच्या पुळणीवर

नोव्हेंबरात घेतलेला हा दोन थरांचा डोम तंबू मेच्या मध्यापर्यंत सहा वेळा रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेला आणि एकूण अकरा रात्री उभा राहिला. किंमत सात हजारांच्या आत. तळ २१० × २४० सेंमी, मधोमध उंची १३० सेंमी, पिशवीसह वजन पाच किलोच्या आसपास. दोन मुख्य फायबर दांड्या, ओसरीसाठी तिसरी. बाहेरचं कापड २००० मिमीचं, तळ ३००० मिमीचा. म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ सोसेपर्यंत कापडातून पाणी झिरपत नाही. तळाचा आकडा मोठा लागतो, कारण गुडघा टेकला की तिथला दाब एकदम वाढतो.

कापड, शिवण, जाळी या तिन्हींना आमचे पूर्ण गुण. पण पिशवीत सोबत येणाऱ्या खुंट्या आणि दोऱ्या समुद्रकाठी निरुपयोगी आहेत. सोलापुरात बसून हे कळत नाही, कारण इथली काळी माती कोरडी असताना खुंटीला अशी धरते की ती काढताना वाकते. मैदानावर दहा-बारा मिनिटांत ताठ उभा राहिलेला तंबू पाहून सगळं जमलं असं वाटतं. गच्चीवर तर खुंटीचा प्रश्नच येत नाही, चार कोपऱ्यांना चार विटा बांधल्या की झालं. खरी परीक्षा पुळणीवर होते.

आधी मापाचं बोलू. ‘चार माणसांचा’ म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. माणशी रुंदी ६० सेंमी धरलेली असते. दोन मोठी माणसं आणि दहा वर्षांखालची दोन मुलं यात नीट झोपतात, पण पिशव्या ओसरीत जातात आणि ओसरीत दव येतं. आजी-आजोबा सोबत असतील तर सहा माणसांचा घ्या. त्यात उंचीही जास्त मिळते; १३० सेंमीच्या तंबूत साठीपुढच्या माणसाला वाकून कपडे बदलणं फार जड जातं.

आता खुंट्या. सोबत आलेल्या १४ खुंट्या गोल सळईच्या, १८ सेंमीच्या होत्या. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, त्यामुळे गुळगुळीत, बारीक खुंटीला पकड मिळत नाही आणि दोरी दोन-तीनदा हिसकली की ती वर येते. लांब खुंटीने थोडा फरक पडतो, रुंद खुंटीने बराच. कोपऱ्यांसाठी ३० सेंमीच्या, व्ही आकाराच्या चार पट्ट्या आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ अँगल कापून करून घेतल्या. एका टोकाला तिरका छेद, दुसऱ्या टोकाला दोरीसाठी भोक, आणि कडा घासून बोथट केलेल्या. हे शेवटचं विसरू नका. मुलं अनवाणी धावत असतात.

ताणाच्या दोऱ्यांना मात्र खुंटी नकोच. तिथे वाळूची पोती पुरायची. दहा किलो तांदळाची विणलेली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. आठ-दहा किलो वाळू भरा, तोंड आवळा आणि चार मिलिमीटरची नायलॉन दोरी पिशवीच्या कमरेला बांधा. खुरप्याने किंवा लहान फावड्याने ४० ते ४५ सेंमी खोल खड्डा करा, पिशवी आडवी ठेवा, दोरी तंबूच्या दिशेने तिरक्या चरातून बाहेर काढा. हा चर महत्त्वाचा आहे. दोरी खड्ड्याच्या उभ्या भिंतीवरून सरळ वर आली तर ताण पिशवीला वर उचलतो. तिरकी आली तर तोच ताण पिशवीला समोरच्या घट्ट वाळूत रोवतो. वर वाळू लोटून तांब्याभर पाणी शिंपडा, पायाने दाबा. दोरी जमिनीशी ४५ अंशांच्या आत ठेवा. अशी सहा पोती पुरतात. समुद्राकडच्या बाजूला दोन, जमिनीकडे दोन, ओसरीला दोन. निघताना प्रत्येक पिशवी मोजून परत घ्या, कारण उन्हाने तिचे धागे सुटतात आणि वाळूत मिसळतात.

या सगळ्याला पहिल्यांदा पाऊण तास लागतो, सवय झाली की अर्धा. पोती पुरून झाल्याशिवाय तंबू पिशवीतून काढू नका. दुपारी तीन-चारला खारा वारा सर्वांत जोरात असतो आणि आपण नेमका त्याच सुमारास तंबू लावायला घेतो. सोलापूरहून पहाटे चारला निघून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं गेलं की थांबे धरून आठ-नऊ तास जातात. जेवण उरकून तंबूला हात लागतो तेव्हा वारा भरात असतो. समुद्राकडच्या दोन दोऱ्या आधी अडकवा, मग दांड्या उभ्या करा. उलट केलंत तर तंबू शिडासारखा फुगतो आणि दांडी सांध्यात मोडते. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून मतलई वाहू लागते. ती सौम्य असते, पण दिवसभर सैल राहिलेल्या पूर्वेच्या दोऱ्या तेव्हा फडफडतात आणि कोणाला झोप लागत नाही. म्हणून झोपण्याआधी पूर्वेच्या दोऱ्या एकदा ताणून घ्यायच्या.

जागा निवडताना भरतीचं गणित स्वतः करा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो; पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. चांदण्यासाठी बहुतेक कुटुंबं पौर्णिमेचा शनिवार धरतात. त्या तिथीला भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि ती उधाणाची असते. सगळे गाढ झोपलेले असताना पाणी सर्वांत वर चढतं. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची जी ओळ दिसते ती आजवरच्या भरतीची, उद्याच्या नाही. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत भरती रोज थोडी वर सरकते आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी होते. त्रयोदशीला ओळीला लागून लावलेला तंबू तिसऱ्या रात्री पाण्यात असू शकतो. शिवाय लाटांच्या इशाऱ्यासाठी निघण्याआधी इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा, अंदाज बघावाच. मेमध्ये दूरवरच्या वादळाच्या लाटा निरभ्र आकाशाखालीही किनाऱ्यावर चढतात.

आमचं मत स्पष्ट आहे. उघड्या पुळणीवर लावूच नका. मागे सरकून सुरूच्या बनात किंवा एखाद्या वाडीत, मालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारून लावा. सुरूच्या काड्यांचा थर आणि मुळं यांमुळे जमीन घट्ट असते, वारा अडतो, सावली मिळते आणि संडास-पाणी जवळ असतं. माडाखाली नको, नारळ किंवा झावळी पडते. मागे सरकण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं. वेळास, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे या भागांत ऑलिव्ह रिडले कासविणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भरतीच्या रेषेवरच्या वाळूत अंडी घालतात. घरटं साधारण हातभर खोल असतं, म्हणजे आपल्या पोत्याच्या खड्ड्याएवढंच. आपण नकळत त्यातच फावडं घालू शकतो. शिवाय पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, तेव्हा पांढरा एलईडी दिवा त्यांना समुद्राऐवजी आपल्या तंबूकडे आणतो. लाल काचेची बॅटरी न्या आणि ती जमिनीकडेच धरा.

आता ओलावा. सोलापुरात हिवाळ्याच्या रात्री हा तंबू आतून खडखडीत कोरडा राहतो. कोकणात पहाटे चारला बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात. कापड गळतं असं वाटून अनेक जण तंबू परत करतात, पण ते पावसाचं किंवा दवाचं पाणी नसतं. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात जवळपास अर्धा लिटर वाफ बाहेर पडते आणि गार कापडावर साचते. दोन थरांचा तंबू घ्यायचा तो यासाठीच. थेंब बाहेरच्या थरावरून खाली उतरतात, अंगावर पडत नाहीत. अट एवढीच की दोन थर कुठे चिकटलेले नसावेत आणि वरच्या खिडक्या उघड्या असाव्यात. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद केल्या की सकाळी उशा ओल्या.

अंथरुणाला सोलापुरी चादर नेणारच आपण, आणि न्यावीच. पण सुती असल्याने ती ओलावा ओढते. खाली १० मिमीचा फोम, त्यावर चादर, पांघरायला दुसरी. सूर्यास्ताआधी सगळ्या चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवा. तासभर बाहेर राहिली तर दहिवराने सर्द होते आणि मग रात्रभर ऊब धरत नाही. सकाळी थेंब पुसायला मात्र सोलापुरी टर्किश टॉवेलसारखं दुसरं काही नाही. एक जुना टॉवेल फक्त त्यासाठी ठेवा.

तंबूखाली ताडपत्री घालायची ती तळापेक्षा चारही बाजूंनी पाच-सात सेंमी आत दुमडून. बाहेर डोकावणारी कड पाणी गोळा करून थेट तळाखाली आणते. दाराशी गोणपाट आणि पाण्याचं घमेलं ठेवा, पाय बुडवूनच आत यायचं. वाळू आत गेली की तळाला आतून घासत राहते. आमच्या तळाला जी तीन बारीक भोकं पडली, ती सगळी होती माणसं बसतात त्याच जागी.

सर्वांत आधी दम सोडला तो दाराच्या चेनने. दात नायलॉनचे असल्याने गंजत नाहीत, पण रनर धातूचा असतो आणि खारी वाळू त्यात अडकते. चौथ्या सहलीनंतर रनर पुढे जाई आणि मागे चेन उघडीच राही. अशा वेळी रनरच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबायच्या, आधी एक, मग दुसरी. जोर लावला तर तो तुटतो. हा उपाय दोन सहली टिकला, नंतर बॅगवाल्याकडून रनर बदलून घेतला. रोज रात्री जुन्या टूथब्रशने दात झाडले आणि मेणबत्ती फिरवली तर ही वेळ उशिरा येते. तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते.

दांड्या बऱ्या आहेत, पण सांधे सांभाळा. प्रत्येक तुकडा धातूच्या नळीत पूर्ण बसला का ते बोटाने चाचपा. अर्धवट बसलेला तुकडा वाकवला की टोक उभं चिरतं. बाहीतून दांडी नेहमी ढकलायची, ओढायची नाही, नाहीतर आतलं इलॅस्टिक ताणून तुकडे मधेच सुटतात. १२ सेंमीची ॲल्युमिनियमची नळी आणि चिकटपट्टी जवळ असली की चिरलेली दांडी दोन दिवस निभावते.

स्वयंपाकाचं थोडक्यात. शेगडी तंबूत किंवा ओसरीत कधीच नको. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा, आणि त्याला वास नसतो. २२५ ग्रॅमचा गॅसचा डबा पूर्ण आचेवर साधारण दीड तास चालतो. तो उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका, ५० अंशांची मर्यादा डब्यावरच छापलेली असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर एका वेळची चूल वाचते, फक्त भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडी राहिली तर तिथल्या हवेत रात्रीत मऊ पडते.

परतल्यावरची दोन कामं मात्र टाळू नका. निघायच्या सकाळी दव वाळेपर्यंत थांबणं जमत नाही, म्हणून तंबू ओलाच घडी होतो. तो त्याच रात्री घरी उघडा. तसाच दोन-तीन दिवस राहिला तर आंबूस वास येतो, आणि तो वास परत जात नाही. आधी कोरडी वाळू झटका, मग गोड्या पाण्याने पुसून घ्या. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात पाइप सोडून धुणं परवडत नाही. तीन बादल्या आणि स्पंज पुरतो, साबणपूड नको. मिठाचा अंश राहिला की कापड हवेतला ओलावा ओढत राहतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत सावलीत तासाभरात वाळतो. उन्हात घालू नका. इथलं एप्रिल-मेचं ऊन किनाऱ्यावरच्या सगळ्या रात्रींपेक्षा कापडाचं जास्त नुकसान करतं.

दुसरं, ठेवायची जागा. पत्र्याखालचा माळा नको, तिथल्या उष्णतेने शिवणीवरची पट्टी सुटते. आमची एका कोपऱ्यात दहा सेंमी सुटली ती माळ्यावर ठेवलेल्या तीन आठवड्यांत. जुन्या चादरीची सैल पिशवी शिवून त्यात, दर वेळी वेगळी घडी घालून, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. खाण्याचा वास राहिला तर उंदीर जाळी कुरतडतात.

आता सुटलेली पट्टी पुसून, नवी सीम टेप कमी आचेच्या इस्त्रीने मधे सुती कापड धरून बसवली आहे. नोव्हेंबरआधी तंबू गच्चीवर विटा बांधून उभा करायचा, प्रत्येक शिवणीवर तांब्याने पाच मिनिटं पाणी सोडायचं आणि आत कोरडा टॉवेल फिरवून बघायचं.