कॅथलिक विद्यापीठात शिकताना: चॅपलपेक्षा होस्टेलची नियमावली आधी वाचा

दुसरं सत्र संपत आलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मी कॅथलिक नाही. हे खासगी विद्यापीठ निवडलं ते कॉम्प्युटर सायन्स विभागासाठी आणि मिळालेल्या शिष्यवृत्तीसाठी. प्रवेश ठरल्यापासून ओळखीचे सगळे एकच विचारतात, 'प्रार्थनेला बसवतात का गं?' ते आधी उरकते. नाही बसवत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी 'एक्स कॉर्दे एक्लेझिए' ही सनद काढली. प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखावा, असं तिच्यातच म्हटलं आहे. रविवारी रात्री विद्यार्थ्यांसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना असते, चॅपल (आवारातलं छोटं प्रार्थनाघर) भरतं, गायन खरंच छान असतं. मैत्रिणीबरोबर मी कधीमधी जाते. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे कॅथलिक मंडळी पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात तेव्हा, आपण जागेवर बसून राहायचं. कोणी वळून बघतही नाही.

धर्म गाठतो तो वेळापत्रकात. त्या सनदेनुसार कॅथलिक शिकवणीचे अभ्यासक्रम सगळ्यांना उपलब्ध असायला हवेत; सक्ती करायची की नाही, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. आमच्याकडे ईश्वरशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही पेपर सक्तीचे आहेत, मग तुम्ही कोडिंग शिका नाहीतर अकाउंट्स. वर्गातले बरेच जण पहिल्या दिवशी तोंड वाकडं करूनच बसले होते. मला मात्र वर्षभरात सगळ्यात जास्त आवडलेला तास हाच.

कारण तिथे श्रद्धेला मार्क नाहीत, युक्तिवादाला आहेत. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाची पद्धत आम्हाला शिकवली. 'देव आहे का?' या प्रश्नाला हात घालताना तो आधी विरोधकाची बाजू मांडतो: देव असता तर जगात दुष्टपणा कसा उरला असता? आणि निसर्गातलं सगळं निसर्गानेच उलगडत असेल, तर देवाची गरज काय? मग त्याचं स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष माहीत असलेल्या माणसाला ही मांडणी अजिबात परकी वाटत नाही. शिकवणारे फादर तर आक्षेपांवरच तास संपवायचे. 'आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा,' हा त्यांचा हट्ट. वर्गातल्या पक्क्या नास्तिकाला त्या पेपरात सगळ्यांहून जास्त मार्क पडले.

दुसऱ्या सत्रात चर्चची सामाजिक शिकवण आली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांवर एक परिपत्रक काढलं होतं. न्याय्य वेतन, संघटना करण्याचा हक्क, आणि तरीही खासगी मालमत्तेचं समर्थन, असं सगळं त्यात आहे. त्यावरून अ‍ॅपवर घरपोच सामान देणाऱ्यांच्या मजुरीवर वाद पेटला, तो कॉमर्सवाले विरुद्ध आम्ही असा तास संपल्यावर जिन्यातही चालू राहिला. एरवी ही दोन टोळकी एकमेकांशी बोलत नाहीत.

विज्ञानाबद्दल शंका असेल तर ती सोडा. उत्क्रांती, विश्वाची उत्पत्ती, सगळं जसंच्या तसं शिकवतात. महास्फोटाच्या कल्पनेचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते आणि लुव्हँच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक होते, ही माहिती इथे दर दोन आठवड्यांनी कोणीतरी अभिमानाने ऐकवतंच.

आता कंटाळा आणणारी गोष्ट. इथे प्रत्येक कामानंतर 'चिंतन' लिहून द्यावं लागतं. समाजसेवेचे तास भरले, लिहा चिंतन. गटाने प्रकल्प केला, लिहा चिंतन. आमचं विद्यापीठ जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं आहे. दिवसाकडे मागे वळून बघण्याची 'एक्झामेन' नावाची सवय त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्यापासूनची आहे. सवय चांगली, पण तिला मुदत आणि शब्दमर्यादा लावली की मुलं अंतर्मुख होत नाहीत, कॉपी-पेस्ट करतात.

म्हणूनच प्रवेशाआधी विद्यापीठ कोणत्या संघाचं आहे, ते विचारा. जेझुइट १५४० पासूनचे, शाळा-कॉलेजं हा त्यांचा जुना पिंड. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, सालेशियन यांचा प्रत्येकाचा ढंग निराळा, आणि काही विद्यापीठं थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखाली असतात. माहितीपत्रकात सगळीकडे 'मूल्ये' हाच शब्द असतो, त्यावरून काही कळत नाही.

माणसांबद्दल मात्र तक्रार नाही. आमच्या होस्टेलच्या तळमजल्यावर एक सिस्टर (नन) राहतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांचं दार रात्रीही उघडं असतं. घरची आठवण, नापास व्हायची भीती, प्रेमभंग, काहीही घेऊन जा. त्या उपदेश करत नाहीत, ऐकतात. समुपदेशकाची वेळ मिळायला आठवडा लागतो, सिस्टर लगेच भेटतात. त्या समुपदेशक नाहीत, हे त्या स्वतःच बजावतात आणि गरज वाटली तर तिकडे पाठवतात.

पण त्याच होस्टेलचे नियम! मुला-मुलींच्या इमारती वेगळ्या, हे एक वेळ ठीक. भेटीची वेळ संपली की प्रोजेक्ट पार्टनरलाही बाहेर काढतात, मग लॅपटॉप उचलून दोघांनी लायब्ररी गाठायची. आरोग्य केंद्रात गर्भनिरोधकं मिळत नाहीत, त्याबद्दल विचारलं तर गुळमुळीत उत्तर मिळतं. समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटाला 'चर्चासत्र' म्हणून खोली मिळते, अधिकृत क्लब म्हणून मान्यता नाही. तर्कशुद्ध वाद घालायला शिकवणारी संस्था इथे येऊन 'धोरण आहे' एवढंच म्हणते, ते मला खुपतं. वर्गात शिकवलेली आक्षेप मांडायची पद्धत वापरून आम्ही काही जणींनी भेटीच्या वेळेबद्दल लेखी अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही.

सुट्ट्या ईस्टरभोवती बेतलेल्या असतात. इतर धर्मांच्या सणाला अर्ज केला तर रजा मिळते, पण त्या दिवशीची चाचणी पुढे ढकलणं हे त्या-त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर. ईस्टरआधीच्या उपासकाळात शुक्रवारी मेसमध्ये मांस नसतं, मासे चालतात. मित्र कुरकुरतात. मी शाकाहारी असल्याने मला त्या दिवशी भाज्यांचे दोन प्रकार जास्त मिळतात.

अजून एक. आमच्याकडे पहिली दोन वर्षं होस्टेलमध्येच राहायची सक्ती आहे आणि शिष्यवृत्तीत होस्टेलची फी धरलेली नाही. हे प्रवेशपत्रात अगदी शेवटच्या पानावर होतं. फी भरण्याआधी ते पान मागून घ्या.