पायाची दुरुस्ती: फोंड्यातील जुन्या घराचा अनुभव
फोंड्यातील आमच्या चिरेबंदी घराच्या मागच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत, बोट शिरेल एवढी तिरकी भेग पडली होती. आधीच्या कंत्राटदाराने ती नुसती सिमेंटने लिंपली आणि पुढच्याच पावसाळ्यात ती पुन्हा उघडली. या वेळच्या अभियंत्यांनी मात्र आधी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून हालचाल तपासली. पट्टी तडकल्यावर खड्डा खणून, पागोळ्यांच्या पाण्याने पायाखालची माती कशी वाहून गेली आहे, हे प्रत्यक्ष दाखवले. मग भिंतीखाली एका वेळी मीटरभरच खोदून, एकाआड एक टप्प्यांत काँक्रीट भरले आणि पाण्याला गटार काढून दिले. काम पंधरा दिवस लांबले, खर्चही वाढला. तरीही जूनपासूनच्या मुसळधार पावसात नवी पट्टी अखंड राहिली आहे.